सरकारी चाचण्या, स्कॉलरशिप, सीईटी: पालक सारखे विचारतात ते प्रश्न

भांडुपच्या एका अनुदानित मराठी शाळेच्या पालक-शिक्षक संघात मी बरीच वर्षं आहे. जून उजाडला की आणि परत जानेवारीत, गेटवर, ग्रुपवर, भाजीवाल्याच्या इथे सुद्धा तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मतं माझी आहेत, आणि ती आहेत तशीच मांडलीयत.

प्रमाणित चाचणी म्हणजे नक्की कुठली हो? सगळ्याच परीक्षा एकसारख्या नसतात का?

नसतात. घटक चाचणी बाई स्वतः काढतात, स्वतः तपासतात, आणि वर्गाला भागाकार अजून जमला नसेल तर भागाकार पुढच्या वेळी ढकलतात, त्यात काही चूक नाही. प्रमाणित म्हणजे पेपर सगळ्यांना तोच, वेळ तीच, तपासायची पद्धत तीच, मग पोरगं कुलाब्याचं असो की गडचिरोलीचं. स्कॉलरशिप (राज्याची शालेय शिष्यवृत्ती परीक्षा) तशी, एमएचटी-सीईटी (इंजिनीअरिंग वगैरे प्रवेशाची) तशी, नीट (मेडिकलची) तशी. दहावी अर्धीमुर्धी, कारण बऱ्याच विषयांना 80 मार्क बोर्डाचे आणि 20 शाळेच्या हातातले. त्या 20 मार्कांची गंमत पुढे सांगते.

आठवीपर्यंत नापास करत नाहीत ना? मग पाचवीला एवढं टेन्शन कशाला?

करत नव्हते. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, आणि त्यात आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही असं होतं. सोबत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, म्हणजे वर्षभर निरीक्षण, प्रकल्प, तोंडी काम, नोंदी. कागदावर छान होतं, पण एकेका वर्गात पन्नास-साठ पोरं असताना प्रत्येकाच्या वर्णनात्मक नोंदी कोण लिहिणार, मग 'वर्गकार्यात उत्साहाने भाग घेतो' हे वाक्य अख्ख्या वर्गाच्या प्रगतीपुस्तकात, आणि लोकांनी नाव ठेवलं ढकलपास.

2019 मध्ये कायदा बदलून पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्यायची की नाही हे राज्यांवर सोडलं. आपल्याकडे 2023 मध्ये नियम आले आणि 2023-24 पासून वार्षिक परीक्षा सुरू झाली. नापास झालं तर जादा मार्गदर्शन, मग फेरपरीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात परत. शाळेतून काढून मात्र टाकता येत नाही, ते कुणी घाबरवायला सांगत असेल तर ऐकू नका.

माझं मत म्हणाल तर नापास करून पोरगं शहाणं होत नाही, आणि वाचता येत नसताना पुढे ढकलूनही होत नाही. मधलं ते 'जादा मार्गदर्शन' खरंच होतंय का ते शाळेत जाऊन विचारा, बाकीची चर्चा नंतर.

वर्षातून तीनदा त्या पायाभूत आणि संकलित चाचण्या येतात, त्याचं काय करायचं? अभ्यास घ्यायचा का?

नाही! एकच उत्तर. पायाभूत चाचणी वर्षाच्या सुरुवातीला असते ती मागच्या वर्षीचं किती डोक्यात राहिलंय हे बघायला, तिचा अभ्यास घेऊन पाठवलंत तर बाईंना चुकीचं चित्र दिसणार. प्रथम भाषा, गणित, इंग्रजी हेच विषय, पेपर राज्यभर तोच.

शिक्षकांची तक्रार मात्र खरी आहे, तीही ऐका. पेपर तपासून झाले की प्रत्येक मुलाचे मार्क ऑनलाइन भरायचे, सर्व्हर बसला की संध्याकाळी घरून भरायचे, आणि हे भरण्यात ते दिवस जातात ज्या दिवसांत कच्च्या पोरांना घेऊन बसायचं होतं. म्हणजे चाचणी कशासाठी, तर कोण कुठे अडलंय ते कळावं म्हणून, आणि कळल्यावर हातात वेळ नाही.

एमसीक्यू (पर्याय देऊन विचारलेले प्रश्न) म्हणजे नुसता टिक मारायचा खेळ. त्याने काय कळणार?

प्रश्न कसा काढलाय त्यावर आहे. हे बघा, मी स्वतःच बनवलेलं उदाहरण. एका दुकानदाराने शर्ट 480 रुपयांना विकला तेव्हा त्याला 20 टक्के नफा झाला, तर खरेदी किंमत किती? पर्याय 384, 400, 460, 576.

बरोबर 400. पण मजा चुकीच्या पर्यायांत आहे. ज्याने 384 वर खूण केली त्याने 480 चेच 20 टक्के काढून वजा केले, म्हणजे टक्केवारी काढता येते पण नफा खरेदीवर मोजतात हे डोक्यात गेलेलं नाही. 460 वाल्याने सरळ 20 रुपये वजा केले, त्याला टक्के म्हणजे काय तेच कळलेलं नाही. 576 वाल्याने तर वजाच्या जागी मिळवले, त्याला खरेदी आणि विक्री कुठली तेच उमगलं नाही. तीन पोरं, तिघांचं उत्तर चूक, पण तिघांना शिकवायचं वेगवेगळं आहे!

आता आपल्या हातात काय येतं? गणित, अमुक पैकी तमुक. कुठल्या प्रश्नाला कुठला पर्याय निवडला ते पालकाला सोडाच, बऱ्याचदा शिकवणाऱ्या बाईंनाही मिळत नाही. माझं भांडण आहे ते इथे. टेस्टमध्ये जी उपयोगाची माहिती होती ती फेकून दिली आणि टोटल तेवढी जपून ठेवली, कारण टोटल बॅनरवर लावता येते, पोराच्या फोटोखाली, शाळेच्या गेटवर.

पण अंदाजपंचे मारून पण मार्क मिळतात ना?

मिळतात की. स्कॉलरशिपला निगेटिव्ह मार्किंग नाही. एका पेपरात 75 प्रश्न, प्रत्येकी 2 मार्क, चार पर्याय. डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी 19-एक बरोबर येतील, म्हणजे 150 पैकी 38. पण पात्र व्हायला प्रत्येक पेपरात 40 टक्के लागतात, म्हणजे 60. नुसत्या नशिबावर तिथपर्यंत पोचणं जवळजवळ अशक्यच. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्हीवर खूण केली तरच मार्क, तिथे तर अंदाज अजूनच कमी पडायचा.

एमसीक्यूने जे कळत नाही ते वेगळं आहे. पोराला चार ओळी स्वतःच्या लिहिता येतात का, प्रयोग मांडता येतो का, आपलं म्हणणं समोरच्याला पटवता येतं का, हे उत्तरपत्रिकेवरच्या गोलात मावत नाही. आपल्या मुंबईचीच होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा बघा, सहावी आणि नववीसाठी असते, विज्ञान शिक्षकांचं मंडळ घेतं. आधी लेखी, त्यातून पुढे गेलेल्यांची प्रात्यक्षिक परीक्षा, मग प्रकल्प आणि मुलाखत. प्रात्यक्षिकाला घोकून आलेलं पोरगं लगेच उघडं पडतं, हातात वस्तू दिली की कळतं. अर्थात तिलाही आता क्लास निघालेत, प्रकल्पसुद्धा 'करून' मिळतो, हे मुंबई आहे.

पर्सेंटाइल 92 आली म्हणजे 92 टक्के का?

नाही, नाही, नाही. दरवर्षी निकालाच्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर कुणालातरी हे कळतं.

समजा एका सत्रात 10,000 मुलं बसली आणि त्यातल्या 9,200 जणांना तुमच्या मुलीएवढे किंवा तिच्यापेक्षा कमी मार्क आहेत, तर तिची पर्सेंटाइल 92. तिला पेपरात किती मार्क पडले ते या आकड्यात दिसतच नाही. सीईटी बरेच दिवस वेगवेगळ्या सत्रांत चालते, सोमवारी सकाळचा पेपर सोपा आणि बुधवारी दुपारचा अवघड असं होणारच, म्हणून प्रत्येकाची तुलना त्याच्याच सत्रातल्या मुलांशी करतात. पद्धत म्हणून वाईट नाही, पण एक गोम आहे. रांगेत तुम्ही कुठे उभे आहात तेवढंच कळतं, काय येतं ते नाही. सगळ्यांनाच छान आलं तरी कुणीतरी 10 पर्सेंटाइलला असणारच.

जुन्या लोकांना आठवत असेल, 2008 मध्ये अकरावी प्रवेशाला एसएससी, सीबीएसई, आयसीएसईच्या मुलांना एका मापात आणायला सरकारने पर्सेंटाइलचा फॉर्म्युला आणला होता आणि मुंबई हायकोर्टाने तो रद्द केला. 2009 मध्ये एसएससीला 90 टक्के जागांचा कोटा ठेवून बघितला, तोही त्याच वर्षी कोर्टात पडला. तीन बोर्डं एका फूटपट्टीने मोजायची कशी हा प्रश्न तेव्हापासून तसाच लोंबकळतोय.

मग सरळ शाळेतले मार्क धरा ना, परीक्षा कशाला पाहिजे?

आता ती 20 मार्कांची गंमत. 2018 ला दहावीचा निकाल होता 89.41 टक्के. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले 20 मार्क काढून टाकले, निकाल आला 77.10. आरडाओरडा झाला, 'एसएससीची मुलं मागे पडणार', आणि 20 मार्क परत आले. 2020 चा निकाल 95.30. आता सांगा, त्या दोन वर्षांत मुलं हुशार झाली, ढ झाली, परत हुशार झाली का? काही भाग नवीन अभ्यासक्रमाचा असेल, पण मुख्य फरक मार्क कोणाच्या हातात होते त्याचा.

2021 ला तर कोविडमुळे परीक्षाच झाली नाही, शाळांनी अंतर्गत मूल्यमापन केलं, निकाल 99.95 टक्के. मुंबईत नव्वदच्या वरच्यांची ही रांग, मग चांगल्या कॉलेजात कुणाला घ्यायचं? सरकारने अकरावीसाठी सीईटी जाहीर केली, 100 मार्कांची, 21 ऑगस्टला, राज्य बोर्डाच्या अभ्यासक्रमावर. बाकीच्या बोर्डांच्या मुलांनी काय करायचं म्हणून प्रकरण हायकोर्टात गेलं आणि 10 ऑगस्टला सीईटी रद्द. आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलाने त्यासाठी विकत घेतलेलं गाइड अजून कोरं आहे.

शाळांवर माझा राग नाही. आपल्याच पोरांचं भलं कुठल्या मास्तरांना नको असतं? शेजारची शाळा 20 पैकी 19 देते म्हटल्यावर ही 14 देऊन स्वतःची मुलं का मारेल. बाहेरची एक तरी तपासणी लागते ती त्यासाठी.

मराठी मीडियमच्या आणि म्युनिसिपालिटीच्या मुलांवर या टेस्ट अन्याय करतात असं म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात, मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड. पेपर मूळ एका भाषेत काढून बाकीच्यांत भाषांतर केला की कधीकधी गणितापेक्षा वाक्यच अवघड होतं. आणि संदर्भ बघा, शेताच्या बांधाची लांबी विचारली तर धारावीतल्या पोराने बांध बघितलेला नसतो, लोकलच्या पासावर प्रश्न काढला तर गडचिरोलीच्या पोरीने काय करायचं. प्रश्न काढणाऱ्याला हे सांभाळावं लागतं, नेहमी सांभाळलं जात नाही.

दुसरा अर्धा भाग असा की टेस्ट नसली की अन्याय दिसायचाच बंद होतो. 'मुलाखत घेऊन' प्रवेश म्हटलं की कुणाच्या आईबाबांना इंग्रजी येतं यावर सगळं अडतं, हे बालवाडीच्या प्रवेशाला आपण सगळ्यांनी भोगलंय. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे आठवीची एनएमएमएस, तिच्यात वर्षाला 12,000 रुपये मिळतात, नववी ते बारावी, सरकारी-अनुदानित शाळेतल्या मुलांनाच, उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. रिक्षावाल्याच्या पोरीकडे ओळख नसते, शिफारस नसते, पेपर असतो. तो काढून घेऊ नका एवढंच म्हणणं.

शाळेत सर्व्हेवाले येऊन टेस्ट घेऊन गेले, माझ्या पोरीचा रिझल्ट कुठे मिळेल?

मिळणार नाही, आणि ते मुद्दाम आहे. 4 डिसेंबर 2024 ला देशभर 'परख' सर्वेक्षण झालं, तिसरी, सहावी, नववीचं. आधी त्याला नॅस म्हणायचे. ठरावीक शाळांतली ठरावीक मुलं निवडतात आणि निष्कर्ष जिल्ह्याचा, राज्याचा काढतात. भाताचं एक शीत बघायचं, अख्खं पातेलं उपसायचं नाही.

मला हाच प्रकार सगळ्यात आवडतो, कारण पोराला टेन्शन नाही, क्लासवाल्याला धंदा नाही. 'असर' तर त्याहून साधा, तो 'प्रथम' संस्थेचा, जिचं काम मुंबईच्या वस्त्यांमधूनच सुरू झालं. कार्यकर्ता घरी येतो, पोराला समोर बसवून दुसरीच्या पुस्तकाच्या पातळीचा उतारा वाचायला देतो, वाचला की नाही, बस. 2005 पासून चालू आहे. पण तो ग्रामीण भागातच होतो, म्हणून मुंबईचा आकडा त्यात शोधू नका.

अमेरिकेत तर एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) बंद केली म्हणे? आणि फिनलंडमध्ये परीक्षाच नसतात ना?

व्हॉट्सअ‍ॅपवर येतं तेवढं सरळ नाहीये. कोविडमध्ये तिथल्या बऱ्याच कॉलेजांनी एसएटी ऐच्छिक केली, कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांनी बघायचीच बंद केली. पण एमआयटीने 2022 मध्ये परत सक्तीची केली, 2024 मध्ये डार्टमथ आणि हार्वर्डनेही. एमआयटीचं म्हणणं असं की साध्या शाळेतलं हुशार पोरगं या मार्कांमुळे आम्हाला सापडतं, नाहीतर भारी शाळा आणि भारी निबंधवालेच पुढे दिसतात.

फिनलंडमध्ये बारावीसारख्या टप्प्यावर एक मोठी राष्ट्रीय परीक्षा असते, त्याआधी सगळ्यांना सक्तीची अशी नाही. पण तिथे प्राथमिकचा शिक्षकसुद्धा मास्टर्स झालेला असतो आणि त्याला जनगणनेला, निवडणुकीला, सर्व्हेला पाठवत नाहीत. ते आधी आणा, मग फिनलंडचं बोलू.

मार्कांवरून शाळेचं रँकिंग आणि शिक्षकांचा पगार ठरवला तर सुधारतील की सगळे?

हा प्रयोग करून झालाय. अमेरिकेत 2002 मध्ये कायदा आला, तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची टेस्ट, आणि जी शाळा सुधारणार नाही तिच्यावर कारवाई. काय झालं? बऱ्याच ठिकाणी इतिहास, चित्रकला, पीटीचे तास कमी झाले. आणि अटलांटा शहरात शिक्षकांनीच मुलांच्या उत्तरपत्रिकेवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली, 2015 मध्ये 11 जण कोर्टात दोषी ठरले. डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकातच इशारा दिला होता की एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय बांधाल तितका तो आकडा खोटा होत जातो.

आपल्याकडे हे वेगळं होईल असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी दहावीच्या परीक्षेला दरवर्षी कॉपीमुक्त अभियान का राबवावं लागतं याचा विचार करावा.

स्कॉलरशिपला क्लास लावू का? सगळ्यांनी लावलाय.

पोरीला कोडी सोडवायला आवडत असतील तर बसवा, जुने पेपर आणा, शाळेत जादा तास असेल तर पाठवा. बुद्धिमत्ता चाचणीचे प्रश्न दहा-बारा प्रकारचेच असतात, सरावाने हात बसतो. त्यासाठी एवढ्याशा पोरीला शाळा सुटल्यावर भांडुपहून ठाण्याला पाठवायचं? मी पाठवलं नसतं. केंद्राने जानेवारी 2024 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात की 16 वर्षांखालच्या मुलांना कोचिंग सेंटरने घेऊच नये. स्टेशनबाहेरच्या होर्डिंगवर सहावीपासूनच्या फाउंडेशन बॅचची जाहिरात बघा आणि काय समजायचं ते समजा.

पेपर फुटतात त्याचं काय? मग कसली आलीय प्रमाणित?

बरोबर आहे राग. नीट 2024 ला 67 जणांना 720 पैकी 720, 1,563 जणांना ग्रेस मार्क, ते रद्द करून त्यांना फेरपरीक्षेचा पर्याय, पाटणा आणि हजारीबागला पेपर फुटल्याचं सुप्रीम कोर्टानेही मान्य केलं, पण अख्खी परीक्षा परत घ्यायला नकार दिला. 23 लाखांवर मुलं, एकच दिवस, एकच पेपर. जितकं जास्त एका पेपरवर टांगाल तितकी तो फोडायची किंमत वाढते. पायाभूत चाचणीचा पेपर फुटून कुणाला काय मिळणार आहे?

आणि नियम बदलायची सवय. इंजिनीअरिंगला 2014 आणि 2015 ला एमएचटी-सीईटी बाजूला ठेवून जेईई मेन धरली, 2016 ला परत सीईटी. त्या दोन बॅचनी काय पाप केलं होतं ते कुणी सांगितलं नाही.

म्हणजे तुम्ही नक्की कुठल्या बाजूच्या?

एका टेस्टने एकच काम करावं या बाजूची. कोण कुठे अडलंय ते शोधायची असेल तर मार्क बाईंपर्यंतच राहू देत, प्रश्नवार राहू देत, पोर्टलवर टोटल भरायची घाई नको. राज्याची तब्येत बघायची असेल तर थोडीच मुलं घ्या. प्रवेशाला निवड करायची असेल तर सरळ तसं सांगा आणि वर्षातून दोन संधी द्या. एकाच आकड्यावर पोराची हुशारी, बाईंची मेहनत, शाळेचं नाव आणि आईबापाची इज्जत असं सगळं तोललं की त्याची वाट लागणारच.

मार्क चुकीचे वाटतात, कुठे बोलायचं?

स्कॉलरशिपला परीक्षेनंतर परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची काढते, त्यावर ऑनलाइन आक्षेप घेता येतो, मग अंतिम सूची येते. निकालानंतर गुणपडताळणीचा अर्ज असतो तो वेगळा. दहावी-बारावीला बोर्डाकडून आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायची, शाळेतल्या बाईंना दाखवायची, त्यांना वाटलं तरच पुनर्मूल्यांकनाला जायचं, उगाच पैसे घालू नका. सगळ्याला मुदत असते आणि ती फार कमी दिवसांची असते, निकालाच्या दिवशीच तारखा लिहून घ्या, नंतर ग्रुपवर विचारून उपयोग नाही.